सहावा ठोका

३ मार्च

खारूताई,

आशीर्वाद आहेत, पण आज ते रागाच्या तळाशी आहेत. पत्र संपेपर्यंत सापडतील.

फोन करत नाही, कारण फोनवर तुझं निम्मं बोलणं मला ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी माझ्या सोयीने भरतो. कागद बरा.

तर, तू बसवून दिलेलं कानातलं यंत्र. दोन वर्षं झकास चाललं. 'माझी भाची ते बनवणाऱ्या कंपनीत आहे,' असं सांगून सांगून मी शेजारच्या चष्मेवाल्याला येता-जाता पिडलं. परवा मंगळवारी सकाळी मोबाईल चार्जिंगला लावला होता, त्यावर आपोआप अक्षरं आली, 'तुमचं यंत्र आता अधिक चांगलं झालं आहे.' मला कोणी विचारलं नाही. मी दाढी करत होतो.

दुकान उघडलं आणि उंबऱ्यावरच थबकलो. भिंतीवर एकतीस घड्याळं आणि आवाज शून्य. आधी वाटलं सगळी एकदम बंद पडली. बघतो तर लंबक हलतायत, काटे पुढे सरकतायत, सगळं जागच्या जागी. टिकटिक तेवढी नाही. टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघाव्यात तसा मी अर्धा तास नुसता बघत बसलो.

आता तुला वेगळं सांगायला नको, की भिंग डोळ्याला लावून घड्याळ उघडता येतं, साफ करता येतं, जोडता येतं. पण ते सरळ चालतंय की लंगडतंय, हे फक्त कानाला कळतं. एक ठोका लांब आणि एक आखूड पडला की समजायचं, बाई लंगडतेय, महिनाभरात पुन्हा दारात येणार. माझा सगळा धंदा त्या एका आवाजावर आहे. तो तुमच्या कंपनीने नेला.

मामी मात्र खूश आहे. तिचं स्वयंपाकघरातलं बोलणं मला आता भिंतीपलीकडून स्वच्छ ऐकू येतं. एकोणतीस वर्षांचा माझा बचाव गेला.

तर तुझ्या कंपनीत ज्या गाढवाने हे अपडेट केलं, त्याचं नाव कळव. मी त्याला चार ओळी लिहीन. तुझ्या आईचं मनगटी घड्याळ टेबलावर उघडून पडलंय. आवाज परत आला की लावतो.

मामा

९ मार्च

प्रिय मामा,

आशीर्वाद सापडले, पाकिटाला चिकटले होते.

आधी अपडेट म्हणजे काय ते सांगते. यंत्र तुमच्या कानात असतं, पण त्याची अक्कल आमच्या ऑफिसात तयार होते आणि इंटरनेटवरून मोबाईलमध्ये आणि मोबाईलमधून कानात जाते. कोणाला दुकानात यंत्र घेऊन यायला नको, म्हणून ही सोय. पण एकदम सगळ्यांना पाठवत नाहीत. आधी फक्त चार हजार लोकांना पाठवायचं, चार आठवडे थांबायचं, तक्रारी मोजायच्या, आणि मग सगळ्या सहा लाखांना. या खेपेला तुमचं नाव त्या चार हजारांत आलं, एवढंच.

यातली सुधारणा अशी की आता मागचा गोंगाट कमी होतो आणि माणसाचा आवाज वर येतो. लोक फार खूश आहेत. पाचपैकी चार पूर्णांक सात तारे मिळालेत. एका आजोबांनी लिहिलंय की नातवाचं बोलणं पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. (नातू काय बोलला ते नाही लिहिलं.)

त्या गाढवाचं नाव कळवणं नियमात बसत नाही. तसा तो वाईट नाही, मामा. दीड वर्ष खपलाय या कामावर.

घड्याळांचं म्हणाल, तर चार हजारांत अशी तक्रार एकट्या तुमचीच आहे, त्यामुळे दोष अपडेटचा नसावा असं वाटतं. वय वाढतं तसे बारीक आवाज आधी जातात, हे काही नवीन नाही. मागच्या तपासणीला दोन वर्षं झाली. कान एकदा तपासून घेतलेले बरे. काळजी नसावी.

माझ्याकडची बातमी म्हणजे २८ तारखेला हे अपडेट सगळ्यांना जाणार आहे. नीट गेलं तर मला वरची जागा मिळेल असं साहेब बोलता बोलता म्हणाले. खिडकी असलेली खोली! मामीला सांगा.

तुमची
खारू

१४ मार्च

खारूताई,

खिडकीबद्दल अभिनंदन. मामीने शेजारी सांगून पण झालं.

तुझं पत्र येण्याआधीच मी कंपनीलाही एक रागाचं पत्र टाकलं होतं. त्याचं उत्तर तुझ्या पत्राच्या दुसऱ्या दिवशी आलं. छापील, गुळगुळीत कागद, खाली 'ग्राहक स्नेह विभाग'. माझा अभिप्राय त्यांच्यासाठी मोलाचा आहे म्हणे. त्यांचंही म्हणणं तेच, जे तुझं. म्हटलं, दोन शहाणी माणसं एकच सांगतायत, तर आपणच हट्ट सोडावा.

तर मी सोडला. तपासणीला गेलो नाही. तू यातली जाणकार आहेस, तू म्हणतेस कान गेले, मग पोरगेलेशा डॉक्टरकडून पुन्हा तेच ऐकायला कशाला जायचं? शिवाय एकसष्टावं लागलंय. माझा पहिला मालक अठ्ठावन्नाव्या वर्षी चिमटा खाली ठेवून घरी बसला होता. आपण तीन वर्षं जास्तच काढली.

चष्मेवाला किती वर्षं माझ्या भिंतीकडे आशेने बघतोय, तुला माहीतच आहे. मधली भिंत पाडली की त्याला आरसे लावायला ऐसपैस जागा होते. काल त्याला हो म्हटलं. एक तारखेला किल्ली देतो. तो इतका हुरळला की लगेच खडू घेऊन आला आणि भिंतीवर आखून गेला, कुठून कुठवर पाडायची ते. माझ्या घड्याळांच्या मधूनच रेघ गेलीय.

लोकांची घड्याळं परत करतोय. सोपं नाही गं. एक बाई म्हणाल्या, "अहो, चालतंय की हे!" चालतंय, पण कसं चालतंय ते मला सांगता येत नाही, म्हणून न्या म्हटलं. आमच्याकडे रीत अशी की दुरुस्त केलेलं मनगटी घड्याळ आठ दिवस आपल्या स्वतःच्या मनगटावर घालायचं. झोपेत, कामात, अंघोळ सोडून सगळीकडे. आपल्या हातावर बिघडलं तर बिघडू दे. आठ दिवस नीट चाललं, की मगच गिऱ्हाईकाच्या हातात. तुझ्या आईचं घड्याळ जोडलंय, पण मनगटावर घालायची हिंमत होत नाही. जे मला ऐकूच येत नाही त्याची हमी मी कशी देऊ?

रागावलो नाही. थोडं वाईट वाटतं. चाळीस वर्षं एकाच आवाजात बसलो होतो, तो बंद झाल्यावर दुकान दुसऱ्याचं वाटायला लागलंय.

मामा

१७ मार्च

प्रिय मामा,

एवढी घाई काय हो? किल्ली अजिबात देऊ नका. निदान एक महिना थांबा, चष्मेवाला कुठे पळून जात नाही.

मी चौकशी केली. घड्याळाचे ठोके ऐकून पडद्यावर रेघ काढणारं एक छोटं यंत्र मिळतं. रेघ सरळ आली तर घड्याळ सरळ. ऐकायची गरजच नाही! मी मागवून पाठवते. तुमच्या वाढदिवसाचं समजा. (सात महिने आधी, पण समजा.)

'गोंगाट कमी' बंद करायचं बटण मोबाईलमध्ये शोधू नका, ते सापडणार नाही. पूर्वी होतं. बटणं जास्त झाली की लोक गोंधळतात, असं ठरल्यामुळे या खेपेला काढून टाकलंय.

तोपर्यंत खडूची रेघ पुसून टाका. ऑफिसात फार धावपळ आहे, म्हणून एवढंच.

खारू

२१ मार्च

खारूताई,

रेघ पुसली नाही. तुझं ते रेघा काढणारं यंत्र पाठवू नकोस. डोळे चांगले आहेत, ते मी रेघा बघण्यात घालवणार नाही.

एक गंमत झाली. शनिवारी हत्यारं पुसून डब्यात भरत होतो. मोठा स्क्रूड्रायव्हर हातात आला आणि पहिल्या मालकाची आठवण झाली. बाजारात आरडाओरडा असला की तो काय करायचा? स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरायची आणि टोक घड्याळाच्या पितळी पाटीला टेकवायचं. ठोका दातांतून हाडात आणि हाडातून थेट आत जातो. मी कानातली यंत्रं काढून ठेवली, मूठ दातांत धरली, लंबकाच्या मोठ्या घड्याळाला टोक लावलं.

टक. टक. टक. टक. आलं की गं सगळं! मी तसाच लाळ गळेपर्यंत उभा होतो. चष्मेवाला काचेतून बघत होता, त्याला वाटलं असेल दुकान सोडायच्या दुःखाने म्हातारा घड्याळ खायला लागला.

म्हणजे कान आहेत. मग मी आपल्या पद्धतीने शोधायला बसलो. यंत्रं पुन्हा कानात घातली. लंबक हाताने धरला आणि सोडला. पहिला ठोका ऐकू आला. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, सगळे स्वच्छ. सहावा नाही. लंबक पुन्हा थांबवला, थोडा वेळ जाऊ दिला, सोडला. पुन्हा पाच ऐकू आले, सहावा गायब. अकरा वेळा केलं, अकराही वेळा तेच. दुकान उघडून आत येतो तेव्हा एकतीस घड्याळं एकदम वाजत असतात, त्यांचे पाच ठोके मी कुलूप काढतानाच संपतात, म्हणून मला कधी कळलं नाही. हे यंत्र पाच ठोके ऐकतं आणि ठरवतं की हा एकच आवाज परत परत येतोय, म्हणजे कामाचा नाही. मग ते मला न विचारता दार लावून घेतं. हे त्या ग्राहक स्नेह विभागाला कळवशील का? मी कळवलं तर ते पुन्हा माझ्या वयावर येतील.

आता दुसरी गंमत. आमच्या धंद्यात घड्याळाचं मागचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला बारीक ओरखडे दिसतात. ज्याने ज्याने ते दुरुस्त केलं, त्याने आपली खूण तिथे टोकाने कोरलेली असते. मालकाला ती कधी दिसत नाही. आम्हाला दिसते, आणि खूण बघून आम्ही ओळखतो, हा कुणाचा हात.

काल तुझं नऊ तारखेचं पत्र आणि कंपनीचं ते गुळगुळीत पत्र शेजारी शेजारी ठेवून भिंगातून वाचली. कंपनी म्हणते, 'कान एकदा तपासून घेतलेले बरे. काळजी नसावी.'

सात वर्षांची होतीस. माझ्या दुकानात बसून गजराचं घड्याळ उघडलंस आणि पुन्हा जोडलंस. मी विचारलं, "झालं का?" तर मूठ उघडून दाखवलीस आणि म्हणालीस, "मामा, तीन स्क्रू उरले, पण काळजी नसावी."

कंपनीतल्या त्या लेखकाला माझा नमस्कार सांग.

मामा

२५ मार्च (कुरियरने)

मामा,

गाढव मी आहे. अपडेट माझं आहे, कंपनीचं पत्रही माझं आहे. तुम्हाला कळलंच होतं, पण मी लिहायला हवं, म्हणून लिहिते.

आणखी एक आहे, ते तुम्हाला ठाऊक नाही. ते चार हजार लोक संगणक निवडतो. तीन हजार नऊशे नव्याण्णव त्यानेच निवडले. एक नाव मी हाताने घातलं. बाकीचे लोक तारे दाबतात आणि गप्प बसतात. तुम्ही तक्रार करता ती कुठला स्क्रू, किती पेच, इथपर्यंत करता. म्हटलं, काही चुकलं असेल तर मामाला नक्की कळेल. तुम्हाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही शंभर प्रश्न काढले असते आणि मला घाई होती. तक्रार करावी म्हणून मी तुम्हाला निवडलं, आणि तक्रार केलीत तेव्हा तुम्हाला म्हातारं ठरवलं. लाज वाटते मामा, खरंच.

तुमचं पत्र बुधवारी मिळालं. आमच्या मीटिंगच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ उतरवून टेबलावर ठेवलं आणि यंत्र माझ्या कानात घातलं. पाच ठोके ऐकू आले. सहावा नाही आला. दीड वर्षात मी ते यंत्र स्वतःच्या कानात घालून अर्धा तासही बसले नव्हते. माझे कान चांगले आहेत ना, मला काय गरज!

साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "चार हजारांत एक तक्रार म्हणजे तक्रार नव्हे, ते एक मत झालं." मी म्हटलं, मला एक दिवस द्या. काल आम्ही तिघींनी यादीतल्या साठ जणांना विचारलं. तारे मागितले नाहीत. एवढंच विचारलं की एक तारखेपासून कुठला आवाज ऐकू येईनासा झाला का. चौतीस जण हो म्हणाले. एका शिंप्याला शिलाई मशीन चालू आहे का ते हात लावून बघावं लागतंय. एका गाडीवाल्याला वळायचा दिवा चालू राहिल्याचं कळत नाही, मागचे लोक शिव्या घालतात. एक आजी स्वयंपाकघरातलं घड्याळ बंद पडलं म्हणून तीनदा सेल बदलून बसल्यात. मी प्रत्येकाला विचारलं, मग तक्रार का नाही केलीत? सगळ्यांचं उत्तर जवळजवळ एकच आलं. "आता वय झालं हो. यंत्र तर नवीन आहे."

एकानेही यंत्राला दोष दिला नाही, मामा. चौतीस माणसं तीन आठवडे स्वतःला जुनं समजत बसली होती. आणि त्यातल्या एकोणिसांनी पाच तारे दिले होते.

२८ तारीख रद्द झाली. खिडकीची खोली तारे मोजण्याची पद्धत बसवणाऱ्या बाईंना मिळाली. चांगल्या आहेत त्या. खिडकीतून पार्किंग दिसतं म्हणे.

मंगळवारी सकाळी यादीतल्या सगळ्यांना जुनी अक्कल परत जाईल. नऊ वाजता मोबाईल चार्जिंगला लावा. आणि पाया पडते, किल्ली देऊ नका. तुमचे कान गेले नाहीत. ते गेले असं मी म्हटलं होतं.

खारू

९ एप्रिल

खारूताई,

मंगळवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी आलं. मी मुद्दाम दुकानात जाऊन, मोबाईल तिथेच चार्जिंगला लावून बसलो होतो. पाच मोजले. सहावा आला. सातवा, आठवा, मग एकतीसच्या एकतीस. मी जरा रडलो, कोणी नव्हतं. मग लगेच लक्षात आलं की खालच्या ओळीतलं तिसरं लंगडतंय, आणि कितीतरी दिवसांनी मला मनापासून चीड आली. बरं वाटलं.

चष्मेवाल्याला नाही म्हणताना जीव तुटला. बिचाऱ्याने आरशांची मापं घेतली होती. म्हणाला, "काका, तुमचे कान गेले होते ना?" मी म्हटलं, परत आले. "कुठून?" म्हटलं, इंटरनेटवरून. आठवडाभर बोलत नव्हता, काल चहा घेऊन आला. खडूची रेघ पुसत नाही. तिच्यावर बत्तिसावं घड्याळ लावलंय.

घरचा प्रश्न शिल्लक आहे. मामीचं बोलणं मला पुन्हा ऐकू येत नाही. ती विचारते, घड्याळांचा आवाज राहू दे, पण तिच्या आवाजापुरतं ते नवीन अपडेट ठेवता येईल का? मी सांगितलं, कंपनीत तशी सोय नाही. (इथे मामीने पेन ओढून घेतलंय. खारू, हे खोटं बोलतात. परवा मी आतून हळूच म्हटलं की चष्मेवाल्याला किल्ली देऊन येते, तर हे अर्धं जेवण टाकून धावत आले. यांना सगळं ऐकू येतं. तू ते अपडेट नीट करून सावकाश पाठव, मला घाई नाही, मला सवय आहे. मामी.)

तू लिहिलंस ते वाचलं. दोनदा वाचलं. गाढव हा शब्द मी परत घेत नाही, फक्त त्याच्याआधी 'आमचं' लावतो. राग आला होता, तो तू मला यादीत घातलंस म्हणून नव्हता. तू म्हणालीस कान गेले, आणि मी कानांपेक्षा तुझ्यावर विश्वास ठेवला, याचा होता. साठ लोकांना विचारायला बसलीस, तेव्हाच तो उतरला.

आता नवीन करशील ते आधी आठ दिवस स्वतःच्या कानात घाल. झोपेत, कामात, अंघोळ सोडून सगळीकडे. तुझे कान चांगले आहेत म्हणूनच घाल, काय गेलं ते तुलाच आधी कळेल.

सोबत तुझ्या आईचं घड्याळ आहे. आजच मनगटावरून काढलं, आठ दिवस पुरे झाले. दिवसाला चार सेकंद मागे पडतं, ते मला माहीत आहे. जुन्या माणसाला तेवढं माफ असतं. झाकणाच्या आत तुझ्या आजोबांच्या घड्याळजीची खूण आहे, त्याच्याखाली माझी. स्क्रू एकही उरला नाही.

पुढचं अपडेट तयार झालं की यादीत माझं नाव पहिलं घाल. मी हो म्हणेन. पण आधी विचार.

मामा